हे नववीच्या वर्गातच शिकवायला हवं

तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की टाळी वाजवत कुणीतरी जवळ येतं, डोक्यावर हात ठेवतं, दहा-वीस रुपये घेतं, आणि सिग्नल सुटला की रिक्षा पुढे निघून जाते. ठाणे-वाशी लोकलच्या डब्यातही तेच. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांचा लिंगभाव या विषयाशी आलेला संबंध तेवढाच असतो आणि तेवढ्या ओळखीच्या जोरावर अख्खा विषय निकालात निघतो. आठवीतला नाजूक आवाजाचा मुलगा, प्रत्येक स्थळाला नकार देणारी तिशीतली मुलगी, घणसोलीत एका मित्राबरोबर राहणारा इंजिनीअर, ‘मला फ्रॉक नको, मी मुलगा आहे’ असं बालवाडीपासून सांगणारं लेकरू, या सगळ्यांकडे घरातली माणसं त्या सिग्नलवरच्या चेहऱ्यातून बघतात आणि घाबरतात. मी ठाण्याच्या एका मराठी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. ‘आपला तसा तर नाही ना, बाई?’ हा प्रश्न मी अनेक पालकांकडून ऐकला आहे. विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. या भीतीचा मोठा भाग गल्लतीतून येतो. ती गल्लत शाळेत दूर करता येते, आणि ती नववीत, विज्ञानाच्या तासाला दूर करायला हवी.

गल्लत कशाची, ते आधी सांगते. माणसाचं शरीर ही एक गोष्ट: गुणसूत्रं, संप्रेरकं, अवयव. आपण मुलगा आहोत, मुलगी आहोत की या दोन्ही चौकटींत न बसणारं कुणी आहोत, याची आतली जाणीव ही दुसरी. वयात आल्यावर मन आणि शरीर कुणाकडे ओढ घेतं, ही तिसरी. चालणं-बोलणं, कपडे, आवडीनिवडी यांचा तर या तिन्हींशी फारच सैल संबंध असतो, कारण त्यातलं बरंचसं समाजानं ठरवलेलं असतं आणि ते पिढीगणिक बदलतं. माझ्या आजोबांच्या कानात भिकबाळी होती आणि ते शेंडी राखून होते; त्यांना कुणी बायकी म्हटलं नाही. यातल्या एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायला गेलं की माणूस हमखास चुकतो. ट्रान्सजेंडर स्त्रीला, म्हणजे जन्माला आल्यावर मुलगा ठरवलेल्या पण आतून स्त्री असलेल्या व्यक्तीला, पुरुष आवडू शकतो, स्त्री आवडू शकते किंवा कुणीच आवडत नसेल. समलिंगी पुरुषाला आपण पुरुष आहोत याबद्दल तसूभरही शंका नसते. एवढं साधं आहे, आणि एवढंच दहावीपर्यंत कुणी सांगत नाही.

खरं तर राज्य मंडळाच्या पुस्तकात याला जागा आहे. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे, त्यात टर्नर सिंड्रोम (मुलीत एकच एक्स गुणसूत्र) आणि क्लाईनफेल्टर्स सिंड्रोम (मुलग्यात एक एक्स जास्त) येतात. ४४ + एक्स आणि ४४ + एक्सएक्सवाय ही सूत्रं मुलं घोकतात, कारण त्यांवर गुणांचा प्रश्न येतो. हा भाग शिकवताना मागच्या बाकावरून दर वर्षी एकच शंका यायची, ‘बाई, मग तो मुलगा की मुलगी?’ वर्ग हसायचा. मी हसू थांबेपर्यंत वाट बघायचे आणि मग नीट उत्तर द्यायचे, कारण या प्रश्नात सगळा विषय आहे. एक एक्स गुणसूत्र जास्त असलेली बहुतेक मुलं मुलगे म्हणूनच वाढतात, स्वतःला पुरुषच समजतात. त्यांच्यातल्या अनेकांना हे कळतं ते लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावर. त्यांचं प्रेम कुणावर बसेल, याचं उत्तर त्या जास्तीच्या गुणसूत्रात नाही. दुसरीकडे अशाही मुली असतात ज्यांची गुणसूत्रं मुलग्यांसारखी एक्सवाय असतात, पण शरीरातल्या पेशी पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नाहीत. शरीर बाहेरून पूर्णपणे मुलीचं घडतं. पाळी आली नाही म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी डॉक्टरकडे नेलं की ते लक्षात येतं. तोवर ती मुलगीच असते आणि नंतरही मुलगीच राहते. निसर्गानं शरीराच्या पातळीवरच इतक्या तऱ्हा ठेवल्या असताना ‘दोनच असतात’ हे आपण मुलांना छातीठोकपणे सांगतो आणि पान उलटतो. तान्ह्या बाळांचं शरीर त्या दोनांपैकी एकात बसवायचं म्हणून गरज नसलेल्या शस्त्रक्रियाही होतात. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयानं त्या थांबवायला सांगितलं आणि तामिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला.

आता वर्गाबाहेरचं सांगते.

आठवीतल्या एका मुलाची आई पालकसभा संपल्यावर मागे थांबली. बाकीचे गेल्यावर म्हणाली, ‘बाई, ह्याला कराटेला घालू का? पोरं ह्याला बायल्या म्हणतात. ह्याचे पप्पा तर आता धड बोलतही नाहीत ह्याच्याशी.’ हा मुलगा फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा सुविचार लिहायचा. अक्षर सुरेख, रांगोळीत हात बसलेला, बोलताना हातवारे फार. त्याच्याबद्दल तक्रार करण्यासारखं एवढंच. मी तिला म्हटलं, त्याला आवडत असेल तर जरूर घाला, पण चाल बदलेल म्हणून घालू नका. आणि त्याच्या पप्पांना आजपासून बोलायला लावा. तो मुलगा आता जाहिरातीच्या क्षेत्रात आहे. लग्न झालंय, कॉलेजातल्या मैत्रिणीशीच. हातवारे तेवढेच आहेत.

त्याच शाळेच्या कबड्डी संघातला एक चढाईपटू होता. अंगानं दणकट, आवाज मोठा, इतरांना ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ म्हणणाऱ्यांत पुढे. नोकरी लागल्यावर एका रविवारी तो घरी आला. चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिला. मग म्हणाला की मला मुलींबद्दल कधीच काही वाटलं नाही. ‘नववीपासून कळत होतं, बाई. पण मला वाटायचं, असं असेल तर साडी नेसावी लागते. मला नाही नेसायची साडी. मग मी कोण?’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दणकट शरीराचा, स्वतःच्या पुरुष असण्याबद्दल खात्री असलेला हा मुलगा इतकी वर्षं रोज रात्री असल्या कोड्यात अडकून होता, कारण समलिंगी असणं म्हणजे काय याचं त्यानं पाहिलेलं एकमेव चित्र सिग्नलवरचं होतं. त्या चित्रात तो बसत नव्हता आणि दुसरं चित्र कुणी दाखवलं नव्हतं. दहा मिनिटांच्या माहितीनं त्याची अनेक वर्षं वाचली असती. आणि ज्यांना तो नावं ठेवत होता त्यांचीही.

पालक यावर पहिली गोष्ट विचारतात ती कारणाची. आमचं काय चुकलं? आई फार लाड करत होती म्हणून? बाप दुबईला होता म्हणून? मोबाईलमुळे? संगोपनातल्या कुठल्या चुकीमुळे मूल समलिंगी होतं याला पुरावा नाही. एखाद्या जनुकामुळे होतं म्हणावं, तर तेही नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. निष्कर्ष असा निघाला की अशा ओढीमागे कुठलंही एक जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे आणि त्यांच्या पलीकडच्या घटकांचाही आहे. कारणाचा शोध विज्ञान करत राहील. पण एखाद्याला कोण आवडतं याचं कारण सापडेपर्यंत त्याला घरात जेवायला बसवायचं की नाही, हा प्रश्न थांबवून ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट उपचाराची. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. ट्रान्सजेंडर असणं तिच्या नव्या वर्गीकरणानं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. तरीही मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणारे लोक आहेत. कुणी गोळ्या देतो, कुणी संमोहन करतो, कुणी गंडा बांधतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या ‘बदल उपचारां’ना डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनात धरलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयातला एक खटला होता, आणि त्याची हकिगत प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी. घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुण मुलींनी संरक्षण मागितलं होतं. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी उघडपणे सांगितलं की हा विषय मला पुरेसा कळलेला नाही, आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर समजून घ्यायला बसले. जून २०२१ चा तो निकाल त्यानंतर आला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसू शकतो, तर आपल्या शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षणाधिकारी का बसू शकत नाहीत, हा माझा साधा सवाल आहे.

मात्र आपल्याकडे सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ‘उपचार’ डॉक्टर देत नाही, घर देतं. तो म्हणजे लग्न. ‘एकदा लग्न झालं की सुटेल सगळं.’ मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला की बायोडाटा वधू-वर सूचक मंडळात जातो. आयटीत नोकरी, ऐरोलीला ऑफिस, घोडबंदर रोडला स्वतःचा टू बीएचके, निर्व्यसनी, स्वभाव शांत. मुलगा काही बोलत नाही म्हणजे लाजतो असं धरलं जातं. लग्न होतं. आणि मग एका बाईचं आयुष्य पणाला लागतं. नवरा जवळ येत नाही तेव्हा ती आधी स्वतःला तपासते. आपण जाड आहोत, सावळ्या आहोत, आपल्याला नीट राहता येत नाही. वर्षभरात सासू विचारू लागते, दोन वर्षांत तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेतात. तिच्या माहेरी कुणाला काय सांगायचं तेही तिला कळत नाही. पुढे सत्य बाहेर आलं की सगळे त्या मुलावर तुटून पडतात. तिची फसवणूक झाली हे खरंच आहे आणि तिचा राग रास्त आहे. पण ज्या आईवडिलांना, मामा-काकांना आधीपासून अंदाज होता आणि तरीही ज्यांनी पत्रिका छापल्या, त्यांना जाब विचारायला कुणी जात नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी कठीण होतं, कारण नकार देण्याची सोयच त्यांना कमी असते. मुलीला मुलीच आवडतात यावर घरात कुणाचा विश्वासच बसत नाही, त्यामुळे तिच्या बोलण्याला विरोधसुद्धा होत नाही, ते ऐकलंच जात नाही. नवी मुंबईतल्या सोसायट्यांत दोन मुली एकत्र फ्लॅट घेऊन राहिल्या तर कुणी विचारत नाही, ‘मैत्रिणी आहेत’ म्हणून सोडून देतात. ही मोकळीक एकीसाठी घरून स्थळ येईपर्यंतच टिकते. मग तिची लग्नाची रात्र म्हणजे काय असतं, याचा विचार घरातल्या बायकांनी तरी करावा, असं मी मनापासून म्हणते. ज्यांना कुणाबद्दलच शारीरिक ओढ वाटत नाही अशी माणसंही असतात. आपल्या समाजात त्यांनाही हाच रस्ता दाखवला जातो.

कायद्याकडे वळलं की ही गल्लत किती महाग पडते ते दिसतं. समलिंगी मुलाच्या वडिलांनी एकदा मला विचारलं होतं, ‘बाई, ते तृतीयपंथीयांचं प्रमाणपत्र निघतं ना, ते काढलं तर याला कॉलेजात काही सवलत मिळेल का?’ त्यांचा हेतू प्रेमाचा होता, मुलाला सांभाळून घेण्याचा होता. पण ते ज्या प्रमाणपत्राबद्दल बोलत होते त्याचा त्यांच्या मुलाशी काही संबंध नव्हता. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यात निकाल दिला की आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या, ज्या याच ठाण्यात वाढल्या. पुढे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला आणि २०२० च्या नियमांनी ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवलं. अर्ज ऑनलाइन असला तरी जिल्हा महत्त्वाचा: वाशी-नेरुळचा माणूस ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-कामोठ्याचा रायगडात, म्हणजे त्याचं जिल्हा कार्यालय अलिबागला. ही सगळी वाट लिंगओळखीची.

ओढीची वाट वेगळी. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं ते कलम. त्यात संमतीचे संबंध आणि जबरदस्ती दोन्ही एकाच शब्दांत कोंबलेले होते. न्यायालयानं ते वेगळे केले, जबरदस्ती गुन्हा म्हणून ठेवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ते कलम सगळंच गळलं. परिणाम असा की सज्ञान पुरुषावर किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीवर बलात्कार झाला तर त्यासाठी नेमकं कलम उरलं नाही. किरकोळ मारहाणीच्या आणि इतर कलमांचा आधार घ्यावा लागतो. हा विषय कळत नसला की कायदा करणाऱ्यांकडूनही काय सुटतं, याचं हे ताजं उदाहरण आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचा मला संताप येतो.

लग्नाचंही तसंच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. पण त्याच निकालात स्पष्ट म्हटलं आहे की ट्रान्सजेंडर स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्सजेंडर पुरुष आणि स्त्री, आजच्या कायद्यांखाली लग्न करू शकतात. आता विवाह नोंदणी कार्यालयात टेबलामागे बसलेल्या माणसाला ओळख आणि ओढ यांतला फरक माहीत नसेल, तर कायद्यानं दिलेला हक्क तो तिथल्या तिथे नाकारणार आणि वर आपण नियमानं वागलो असं त्याला वाटणार. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं खुलासा केला की समलिंगी जोडीदार संयुक्त बँक खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात. किती शाखांतल्या कारकुनांपर्यंत तो पोचला असेल? हे कारकून, नोंदणी अधिकारी, पोलीस शिपाई, परिचारिका, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे एकदा नववीच्या बाकावर बसलेले असतात. सगळ्यांना एकत्र गाठण्याची ती एकच जागा आहे, म्हणून मी शाळेवर अडून बसले आहे.

‘हे आपल्या संस्कृतीत नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून शिखंडी आणि बृहन्नडेचे दाखले दिले जातात. मला तो मार्ग पटत नाही. पुराणात एखादं पात्र आहे म्हणून आजच्या माणसाला माणूस म्हणून वागवायचं, आणि नसतं तर? मला त्यापेक्षा जवळचा आणि भक्कम आधार वाटतो तो आपल्या मराठी मातीतला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. लोक पत्रं लिहून लाजेखातर कुठेही न विचारता येणारे प्रश्न विचारायचे आणि कर्वे शास्त्राच्या आधारानं उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवरच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले. पण वाचकानं प्रश्न विचारला तर जाणकारानं उत्तर द्यावं, त्यात अश्लील काय, ही भूमिका मुंबईच्या न्यायालयात तेव्हाच मांडली गेली होती. हा विषय परदेशातून आला म्हणणाऱ्या प्रत्येकानं ही हकिगत वाचावी. नव्वद वर्षांनी आपण कर्व्यांच्याही मागे पडलो आहोत.

मागे म्हणते ते उगाच नाही. शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या केंद्राच्या कार्यक्रमाला २००७ मध्ये ज्या राज्यांनी विरोध केला त्यांत महाराष्ट्र होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं यावर शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, आणि आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली.

आक्षेप घेणारे सगळेच वाईट हेतूचे नसतात, हे मला पालकसभांमुळे ठाऊक आहे. ‘एवढ्या लहान वयात नको’ हे म्हणणं मी समजून घेते. पण नववीतलं मूल चौदा-पंधराचं असतं. वयात आलेलं असतं आणि त्याच्या हातात मोबाईल असतो. शाळा गप्प बसली तर ते अज्ञानी राहतं असं नाही, ते मोबाईलवरच्या घाणीतून शिकतं. ‘मुलांच्या डोक्यात भरवलं तर मुलं तशी होतील’ ही भीतीही खोटी आहे. कबड्डीतल्या त्या मुलाच्या भोवती सगळं जग मुला-मुलीच्या प्रेमाच्या गोष्टी सांगत होतं, त्यानं तो बदलला नाही. मुलं शरीराबद्दल घाईनं निर्णय घेतील असं वाटणाऱ्या पालकांना मी सांगते की शाळेत जे हवं आहे ते ऐकून घेणं आहे, औषधं किंवा शस्त्रक्रिया नव्हे. ते निर्णय सज्ञान झाल्यावरचे आणि तज्ज्ञांच्या सोबतीनं घ्यायचे. अल्पवयीन मुलाच्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा २०१९ च्या कायद्यानं अर्ज आईवडिलांनी किंवा पालकानंच करायचा ठेवला.

ट्रान्सजेंडर मुली मुलींच्या स्वच्छतागृहात आल्या तर काय, हा मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा मी कधीही उडवून लावणार नाही. गर्दीच्या लोकलमध्ये आणि शाळेच्या अंधाऱ्या जिन्यावर मुलींना काय सोसावं लागतं ते मी पाहिलं आहे. पण तो त्रास देणाऱ्यांत ट्रान्सजेंडर मुली नसतात. त्या स्वतः तोच त्रास सोसतात, आणि मुलांच्या स्वच्छतागृहात तर जास्तच. शाळांसाठी यावर उपाय अवघड नाही. आतून कडी लागणारं, एका वेळी एकानंच वापरायचं एक स्वच्छतागृह प्रत्येक मजल्यावर असलं तर ते पाळी आलेल्या मुलीला उपयोगी पडतं, पाय मोडलेल्या मुलाला पडतं आणि ज्याला दोन्ही रांगांची धास्ती वाटते त्यालाही पडतं. गणवेशाचं तसंच. एका मुलीच्या गैरहजेरीचे दिवस मी एकदा तपासले, तर स्नेहसंमेलनाच्या सरावाचे सगळे दिवस त्यात निघाले, कारण तेव्हा मुलींना घागरा घालायला लावायचे. पँट-शर्टची मुभा दिल्यावर ती यायला लागली. ती पुढे स्वतःला काय म्हणवून घेईल याचा निकाल लावायची शाळेला काही गरजच पडली नाही.

तर मागणी काय, ते लिहून संपवते. नववीच्या आनुवंशिकतेच्या धड्याला जोडून दोन तासिका. त्यात शरीर, ओळख आणि ओढ यांतला फरक, चिडवण्याचे परिणाम, आणि अडचण आली तर शाळेत कुणाकडे जायचं. शाळांत २०२२ च्या शासन निर्णयानं मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमलेल्या आहेत. चिडवणं आणि बहिष्कार यांच्या अशा तक्रारी त्यांच्या कामात स्पष्ट शब्दांत घालाव्यात. जूनआधी शिक्षकांची प्रशिक्षणं होतातच, त्यातला अर्धा दिवस या विषयाला द्यावा आणि शिकवायला एखादा मानसशास्त्रज्ञ आणि एखादी ट्रान्सजेंडर किंवा समलिंगी व्यक्ती दोघांनाही बोलवावं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या स्वतःच्या माध्यमिक शाळा आहेत, त्यांना राज्याची वाट बघायचं कारण नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे शिक्षण विभागाच्या लेखी परिपत्रकानं व्हावं. मी वर्गात त्या मागच्या बाकावरच्या शंकेला उत्तर द्यायचे ते माझ्या जबाबदारीवर, आणि एखादा वडील संतापून आला की मुख्याध्यापकांच्या खोलीत मी एकटी उभी असायचे. मला ते पेललं, कारण मी जुनी होते, कायम होते. आज शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी मुली कंत्राटावर आहेत, वर्षाच्या शेवटी त्यांना पुन्हा घेतील की नाही याची खात्री नसते. कुठला धडा, किती वेळ, पालकांना आधी काय कळवायचं आणि तक्रार आली तर उत्तर कुणी द्यायचं, हे कागदावर असेल तरच त्या मुली हा धडा शिकवतील.